टस्करोरा सहावे कसे झाले

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इरोक्वॉय संघातली सहा राष्ट्रं म्हणतात ना, ती आधी पाचच होती. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका. सहावे टस्करोरा, आणि ते आले ते घरदार गमावून.

१७०० च्या सुमारास हे लोक आजच्या नॉर्थ कॅरोलिनात, न्यूस आणि टार नद्यांच्या काठी राहायचे. गोरे वसाहतवाले जमिनी बळकावत होते, व्यापारी फसवत होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोरंबाळं पळवून गुलाम म्हणून विकत होते. मग १७१० मध्ये त्यांनी पेनसिल्वेनियाकडे वँपमचे, म्हणजे शिंपल्याच्या मण्यांचे, आठ पट्टे पाठवले, प्रत्येक पट्टा एकेक मागणी. एक म्हाताऱ्या बायका आणि आयांचा, लाकूडफाटा-पाणी आणायला भीती नसावी म्हणून, आणि एक जन्मलेल्या आणि पोटातल्यासुद्धा लेकरांचा, बिनधास्त खेळायला मिळावं म्हणून! तिकडून उत्तर काय तर आधी कॅरोलिना सरकारकडून चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट आणा. ज्यांचा जाच, त्यांचाच दाखला.

पुढच्याच वर्षी सप्टेंबरात युद्ध पेटलं. सगळेच काही लढले नाहीत, टॉम ब्लंट नावाच्या टस्करोरा सरदाराच्या बाजूची उत्तरेकडची गावं बाहेरच राहिली. मार्च १७१३ मध्ये टस्करोरांचा नेओहेरोका किल्ला पडला, शेकडो मेले, शेकडो गुलामीत गेले. उरलेल्यांतले बरेच हळूहळू उत्तरेला निघाले, कारण तिकडे भाषेनं नात्यातले लोक होते. ओनायडांनी त्यांची बाजू घेतली आणि १७२२ च्या आसपास पाचाचे सहा झाले.

भाषा इरोक्वॉयन कुळातली, पण बाकी पाचांपासून बरीच आधी फुटलेली. या कुळात प, ब, म असे ओठ मिटून काढायचे आवाज जवळजवळ नाहीतच, म्हणजे आपलं 'आई' त्यांना जमेल, 'बाबा' अडेल :) क्रियापदातच कर्ता, कर्म सगळं कोंबून एका शब्दाचं आख्खं वाक्य होतं.

गंमत बघा, ही भाषा कागदावर आली ती जॉन लॉसन नावाच्या सर्व्हेयरमुळे, त्याच्या १७०९ च्या पुस्तकात शब्दांची यादी आहे, आणि १७११ मध्ये टस्करोरांनीच त्याला पकडून मारलं. जमिनी मोजणारा माणूस, राग असणारच. त्याच्या यादीत दोनाला नेक्ते लिहिलंय, आणि पुढे नायगाराजवळच्या त्यांच्या रिझर्वेशनवर, म्हणजे राखीव वस्तीवरही, जवळपास तसंच म्हणायचे.