गरुडाचा शिक्का राहू द्या, आधी काच बघा

जर्मन लष्कराची जुनी दुर्बीण विकायला निघाली की विकणारा आधी गरुडाचा शिक्का दाखवतो. शिक्क्याने भाव चढतो, म्हणूनच तो मागाहून ठोकलेलाही असू शकतो. चकचकीत पितळी दुर्बिणीवर ‘कार्ल झाइस, येना’ असं जर्मन भिंग-कंपनीचं नाव कोरलेलं असेल, तर ती खुशाल दिवाणखान्यात ठेवा. लष्कराशी तिचा काही संबंध नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन भूदलात सर्रास दिसायची ती ‘डीन्स्टग्लास ६×३०’. सहापट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर. पहिल्या महायुद्धातल्या ‘फेर्नग्लास ०८’वर कारखान्याचं नाव उघड असायचं. इथे मात्र तीन रोमन अक्षरांचा संकेत: ‘बीएलसी’ म्हणजे झाइस, ‘बीईएच’ म्हणजे लाइट्स, ‘सीएजी’ म्हणजे ऑस्ट्रियातली स्वारोव्स्की. कुठे काय बनतं याचा शत्रूला पत्ता लागू नये, हा हेतू. आज ती यादी संग्राहकांना तोंडपाठ आहे. अर्थात बनावट करणाऱ्यांनाही.

म्हणून आत डोकावायचं. ‘एच/६४००’ लिहिलेलं असेल तर एका नेत्रिकेत बारीक रेघांची पट्टी दिसायला हवी. पूर्ण वर्तुळाचे ६४०० भाग केले, तर त्यातला एक भाग हजार मीटरवर जवळजवळ एक मीटर व्यापतो. तीन मीटर उंचीचा ट्रक सहा भागांत मावला, तर तो साधारण ५०० मीटरवर आहे. तोफखान्याचं सगळं गणित या रेघांवर चालायचं.

खरी गंमत पुढे आहे. या दुर्बिणीच्या एका नळीत भिंगं आणि लोलक मिळून हवेला भिडणारे काचेचे दहा पृष्ठभाग तरी असतात. प्रत्येकावरून चार-पाच टक्के प्रकाश परततो, म्हणजे डोळ्यापर्यंत येईतो तिसरा हिस्सा तरी गेला! झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर प्रकाशाच्या पाव तरंगलांबीइतका पातळ लेप चढवण्याची युक्ती काढली. लेपाच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि वाचलेला प्रकाश पुढे जातो. अंधारात टेहळणी करणाऱ्या नौदलाच्या ७×५० दुर्बिणींना याचा मोठा फायदा झाला.

घरी ट्यूबलाइटखाली पुढचं भिंग जरा तिरपं धरा. प्रतिबिंब पांढरं असेल तर लेप नाही. निळसर-जांभळं असेल तर आहे. पण लेप आहे म्हणून लगेच हुरळू नका. दुरुस्तीत नंतर चढवलेलाही असतो, तेव्हा स्क्रूच्या खाचा खरवडल्यात का तेही बघावं. जुना लेप फार नाजूक असतो, शर्टाच्या टोकाने पुसलात तर गेलाच.

लांबचा टॉवर दोन-दोन दिसत असेल, तर आतला लोलक सरकलाय. ते काम जाणकाराकडेच द्यावं. आणि आपल्या कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ही दुर्बीण चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. सिलिका जेल टाकलेला घट्ट झाकणाचा डबा बरा.