निळा, पण कुठला निळा?
रंगसाहित्याचे प्रौढांसाठी वर्ग: आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहिती

दुकानात येऊन कुणी "एक निळा द्या" म्हटलं की आम्ही आधी विचारतो, कशावर लावणार? आमच्या वर्गांत हाच प्रश्न नीट सोडवून दाखवतो. चित्र काढता यायची अट नाही. शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरला नसेल तरी या.

पहिला धडा ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचण्याचा. पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू, निळ्या रंगद्रव्याची खूण, आणि पुढे त्याचा क्रमांक. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २७ म्हणजे प्रशियन ब्लू. दोन्ही गडद निळे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालेल असं वाटतं. अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो. चुन्याच्या सफेतीत घालायची नीळपूड त्याच जातीची. आम्ल मात्र त्याला सोसत नाही. प्रशियनचं नेमकं उलटं: आम्लात बरा तगतो, पण ओल्या चुन्यावर लावला की निळेपणा जाऊन गंजासारखा तपकिरी डाग उरतो. वर्गात दोन्ही शेजारी शेजारी लावून ठेवतो. पणजीच्या फोंतेन्यसमधली निळी भिंत पाहून घरी तसाच चुना काढायचं मनात असेल, तर हे आधी बघा.

नावापुढे 'ह्यू' छापलेलं असलं, तर नावातलं महागडं रंगद्रव्य आत नाही, त्याच्या जवळ जाणारं दुसरं आहे. शिकताना तेच घ्या, उगाच पैसे घालवू नका.

मग काव. ही लाल पूड आम्ही डिंकाच्या पाण्यात, जवसाच्या तेलात आणि ॲक्रिलिक माध्यमात घोटतो. पूड एकच, पण सुकल्यावर तीन वेगळे लाल दिसतात. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरच्या कावीत तर डिंकही नाही, तेलही नाही. ओल्या चुन्यावर कावेचा थर देऊन तो नक्षीपुरता खरवडायचा. खालचा पांढरा चुना दिसतो आणि उरलेली काव चुनाच धरून ठेवतो.

ॲक्रिलिक ओलं असताना माध्यम दुधाळ असतं, म्हणून रंग सुकल्यावर थोडा गडद होतो. पावसाळ्यात सुकायलाही वेळ लागतो, घाई करू नका. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो आणि तेव्हा उष्णता निर्माण होते. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. आमच्याकडे ते पाण्याच्या डब्यातच जातात. हा नियम सगळ्यांना, जुन्या चित्रकारांनाही.

रंग थोडा हाताखालून गेला की साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची १९६० च्या दशकातली काळ्यावर काळ्या रंगाची चित्रं बोलायला घेतो. तिथे आकार दिसतो तो रंगाच्या जाडीवर आणि चकाकीवर पडणाऱ्या उजेडामुळे. छापील फोटोत यातलं जवळजवळ काहीच उतरत नाही, म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर काळ्याचे थर तुमच्याकडूनच द्यायला लावतो.

रंग, चुना, पुठ्ठे आमचे. कॅडमियमचे रंग वापरताना खाणं-पिणं बाहेर, आणि सुकलेला थर कुणी पॉलिशपेपरने घासायचा नाही. जुना शर्ट घालून या. तारखा आणि फी काउंटरवर विचारा.