कव्हरवर नाव झाकलं की गुप्त मेसेज? खुलासा

फॉरवर्ड असा फिरतो: इंग्रजी म्युझिक मॅगझिनच्या कव्हरवर गायकाच्या डोक्याने मासिकाच्या नावाची दोनतीन अक्षरं झाकली जातात, ती मुद्दाम, कारण उरलेल्या अक्षरांत कुठल्यातरी गुप्त संघटनेचा निरोप असतो.

शंका येणं साहजिक आहे, स्वतःचंच नाव कोण झाकेल? पण ही कव्हर डिझाइनची जुनी पद्धत आहे. डोकं नावाच्या पुढे आणलं की फोटोला खोली येते, माणूस पानातून बाहेर आल्यासारखा वाटतो, आणि चेहराही मोठा ठेवता येतो. नाव वरच का, तर स्टॉलच्या रॅकमध्ये मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात आणि बऱ्याचदा फक्त वरचा किंवा डावीकडचा भाग दिसतो, म्हणून पहिलं अक्षर सहसा मोकळं सोडतात. बाकीची अक्षरं झाकली तरी त्याच फॉन्टवरून, त्याच जागेवरून नेहमीचा वाचक ओळखतोच. नव्या मासिकाला हे परवडत नाही हं, त्याचं नाव आधी लोकांच्या डोळ्यात बसायला हवं.

तपासायचं तर एकाच मासिकाची दहाबारा जुनी कव्हरं इमेज सर्चमध्ये शेजारी ठेवून बघा. अक्षरं दरवेळी वेगळी झाकलेली दिसतील, डोकं मधे असेल तर मधली, बाजूला असेल तर बाजूची, आणि पाचजणांचा बँड उभा असेल तर जवळपास सगळीच. केस फुगवलेले असले की एखादं अक्षर जास्तीचं जातं, बस्स. मेसेज असता तर दर अंकाला बदलला नसता. आणि चित्रपट, फॅशनच्या मासिकांवरही हेच दिसतं, आपल्याकडच्या सुद्धा.