त्वचारंग-सुधारणा (छायाचित्रण)

प्रकाश, परिसर किंवा कॅमेऱ्याच्या मर्यादेमुळे व्यक्तिचित्रात बिघडलेला त्वचेचा रंग संगणकावर दुरुस्त करण्याच्या प्रक्रियेला त्वचारंग-सुधारणा म्हणतात. फोटोशॉप (पहिली आवृत्ती १९९०) आणि लाइटरूम (२००७) ही त्यासाठीची परिचित सॉफ्टवेअर आहेत. विदर्भातील तालुक्याच्या व बाजाराच्या गावांतील फोटो स्टुडिओंत हे काम मुख्यतः लग्नाचे अल्बम, बायोडाटाचे फोटो आणि दिवंगतांच्या तसबिरी यांसाठी केले जाते. ‘पोरीचा फोटो जरासा साफ करून द्या जी’ ही तिथली नेहमीची मागणी असून ‘साफ’ म्हणजे गोरा, हे उभयपक्षी गृहीत असते. त्वचा गोरी करणे हा मात्र रंगबदल होय. त्याला सुधारणा म्हणणे बरोबर नाही.

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांमुळे ठरतो, आणि हे दोन्ही घटक तांबड्यापेक्षा निळा व हिरवा प्रकाश अधिक शोषतात. त्यामुळे चेहरा सावळा असो वा उजळ, तटस्थ (कोणत्याही रंगाची झाक नसलेल्या) प्रकाशातील चित्रात तांबड्याचे मूल्य, म्हणजे त्या रंगाचे प्रमाण सांगणारा आकडा, सर्वांत जास्त, त्याखालोखाल हिरव्याचे आणि सर्वांत कमी निळ्याचे असते. चेहऱ्याच्या सावलीत हिरवा तांबड्याच्या बरोबरीला आला, तर दोष प्रकाशाचा आहे असे समजावे.

एप्रिल-मे महिन्यांतल्या लग्नांत हा दोष हमखास आढळतो. डोक्यावर हिरवे किंवा निळे कापड ताणलेले, त्यातून झिरपणारे कडक ऊन, कडेला ट्यूबलाइट आणि समोर फ्लॅश, असे तीन-चार प्रकारचे प्रकाश एकाच चेहऱ्यावर पडतात. अशा वेळी संपूर्ण चित्राचा व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून साधलेले रंगांचे संतुलन) बदलून भागत नाही, तर गाल, हनुवटीखालचा भाग आणि मान मास्कने (फक्त निवडलेल्या भागावर बदल करू देणाऱ्या साधनाने) वेगळे काढून हिरवी झाक मॅजेंटाने (हिरव्याच्या विरुद्ध अशा जांभळट गुलाबी रंगाने) उतरवावी लागते. व्हाइट बॅलन्ससाठी पांढऱ्या वस्तूवर क्लिक करण्याची सवय असते, पण आजोबांचे धोतर किंवा टोपी बहुधा निळीतून काढलेली असल्याने ती तटस्थ नसते. त्या कापडाला संदर्भ मानले की सॉफ्टवेअर निळा रंग कमी करते आणि वऱ्हाडातले सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसू लागतात. तटस्थ संदर्भ म्हणून साधे करडे कार्ड एकदा हातात धरून घेतलेला फोटो हा त्रास वाचवतो. हळदीच्या फोटोंतला पिवळेपणा मात्र खरा असतो. तो काढून टाकणारा छायाचित्रकार प्रसंगच पुसतो.

सावळा चेहरा काळवंडण्याचे मूळ पुष्कळदा फोटो घेतानाच असते. कॅमेऱ्याचा मीटर (प्रकाश मोजणारा भाग) दृश्याला सरासरी मध्यम करड्याकडे नेतो; मागे चुन्याने पोतलेली भिंत असली की तो एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. बारा किंवा चौदा बिटांच्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ माहितीतून) तो परत उजळता येतो, कारण जास्त बिट म्हणजे छटांच्या जास्त पायऱ्या. आठ बिटांच्या जेपेगमध्ये (नेहमीच्या, आकाराने लहान केलेल्या फोटो-फाइलमध्ये) तसे करताना सावल्या राखाडी आणि दाणेदार होतात. उजळवताना कर्व्हचा (उजेड-अंधार बदलण्याच्या सॉफ्टवेअरमधील वक्ररेषेचा) मधला भाग उचलावा, कपाळावरची व नाकावरची चमक तशीच ठेवावी आणि सावलीत तांबडा किंचित वाढवावा. नारिंगी रंगाची उजळता सरसकट वाढवण्याचा सोपा मार्ग स्टुडिओंत प्रिय आहे, पण त्याबरोबर झेंडूच्या माळा आणि भगवे फेटेही फिके पडतात, आणि नवरीचा चेहरा एका रंगाचा व हात दुसऱ्याच रंगाचे होतात.

चेहरा गोरा करण्याचा कल संगणकापूर्वीचा आहे. कृष्णधवल काळात नेगेटिव्हवर शिसपेन्सिलीने चेहरा उजळत आणि प्रिंटवर हाताने रंग भरत. रंगीत प्रिंटचे संतुलन तपासण्यासाठी कोडॅकने प्रयोगशाळांना पुरवलेल्या ‘शर्ली कार्डां’वर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे.

अल्बमची छपाई बहुधा जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातील लॅबमध्ये होते. स्टुडिओतला मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (खरे रंग दाखवण्यासाठी जुळवलेला) नसेल आणि निळसर दिसत असेल, तर काम करणारा नकळत पिवळा-तांबडा वाढवत जातो आणि छापून आलेले चेहरे भाजल्यासारखे दिसतात. म्हणून पूर्ण अल्बम पाठवण्याआधी एकाच पानावर चार-पाच निरनिराळ्या वर्णांचे चेहरे घेऊन चाचणी प्रिंट काढतात आणि ते दिवसाच्या उजेडात, दाराशी धरून पाहतात.