पार्श्वभूमी : अपघाताच्या बातम्या आणि सीट बेल्ट

मोठा अपघात होतो, कोणी नामवंत जातो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘मृतांनी सीट बेल्ट लावला नव्हता’ असं वाक्य येतं. मग आठवडाभर गाड्यांमध्ये बेल्ट ओढले जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नाही. पण मागे वळून पाहिलं तर अशा बातमीनं गाडीत बसणाऱ्याला जेवढं हलवलं, त्याहून जास्त कायदा करणाऱ्याला आणि पावती फाडणाऱ्याला हलवलेलं दिसतं.

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन बिंदूंचा आजचा बेल्ट १९५९ मध्ये आला. बातमीशी त्याची पहिली ठळक गाठ पडली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात. १९६९ मध्ये तिथे रस्त्यांवर १,०३४ माणसं मेली. मेलबर्नच्या एका दैनिकानं १९७० च्या नोव्हेंबरात थेट ‘१०३४’ या आकड्याविरुद्धच युद्ध पुकारलं. रोज कुठे ना कुठे येणारी दोन ओळींची अपघाताची बातमी अशी एका आकड्याखाली आली आणि तिला वजन मिळालं. डिसेंबर संपायच्या आत बेल्टची सक्ती करणारा कायदा लागू झाला. सगळं श्रेय त्या दैनिकाचं नव्हे, तयारी आधीपासून चालू होती. तरी कायद्याला लागणारी हवा तापवली ती मोहिमेनं.

नुसत्या सांगण्यानं काय होतं, याची परीक्षा अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाली. एका गावात केबल टीव्हीच्या दोन वेगळ्या वाहिन्या होत्या. एकीवरच्या घरांना कित्येक महिने बेल्टचे संदेश दाखवले, दुसरीवरच्या घरांना नाही. मग रस्त्यावर उभं राहून कोणाच्या गाडीत बेल्ट लावलाय ते मोजलं. फरक शून्य. ब्रिटनमध्येही त्या दशकात टीव्हीवरून भरपूर समजावून झालं. प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं. ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या सीटला सक्ती आली आणि ते नव्वदीच्या वर गेलं.

बातमी उपयोगी पडते ती दंडाच्या जोडीला. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात १९८५ मध्ये पोलिसांनी तपासणी वाढवली आणि तिचा गाजावाजाही केला. बेल्टचं प्रमाण तीन आठवड्यांत ४९ वरून ७७ टक्क्यांवर गेलं. काही महिन्यांत ते उतरलं, पण मूळ जागी आलं नाही. इथे ‘अमुक मेला’ यापेक्षा ‘उद्या चौकात पोलिस आहेत’ ही बातमी जास्त कामाची ठरली. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे असं.

आता त्या एका अपघाताकडे, ज्याची आठवण या विषयावर बोलणारा प्रत्येक जण काढतो. ३१ ऑगस्ट १९९७, मध्यरात्र उलटलेली, पॅरिसमधला नदीकाठचा बोगदा. गाडी तेराव्या खांबावर आदळली. ब्रिटनची माजी युवराज्ञी डायना, तिचा मित्र आणि चालक गेले. चालकाशेजारी बसलेला अंगरक्षक वाचला. लगोलग जगभर छापून आलं की बेल्ट लावलेला तोच एकटा होता. चौघांतला एक वाचतो आणि बेल्टही त्याचाच लावलेला असतो, इतकी नेटकी गोष्ट प्रचार करणाऱ्यांना मागूनही मिळाली नसती. भाषणांत, शाळांत, पत्रकांत ती वर्षानुवर्षं फिरली.

ती चुकीची होती. २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांचा सविस्तर चौकशी अहवाल आला. चौघांपैकी कोणीच बेल्ट लावलेला नव्हता, अंगरक्षकानंही नाही. अशा गोष्टी नंतर कळू शकतात, कारण जोराचा ताण आला की पट्टा ज्या कडीतून जातो तिथे घासल्याच्या खुणा उमटतात, धागे वितळल्यासारखे चकाकतात आणि माणसाच्या छातीवर तिरपा वळ पडतो. पण हे तपासायला दिवस लागतात आणि बातमी तासाभरात लागते. पहिल्या तासात बातमीदाराकडे असतो तो कोणीतरी केलेला अंदाज.

म्हणून बेल्टचा मुद्दाच खोटा होता का? नाही. २००८ मध्ये मृत्यूच्या चौकशीतल्या ज्यूरीनं चालकाचं आणि पाठलाग करणाऱ्या गाड्यांचं बेदरकार चालवणं मुख्य कारण ठरवलं. मृत्यूला बेल्ट न लावणंही कारणीभूत होतं, असंही नोंदवलं. म्हणजे धडा बरोबर होता, दाखला मात्र खोटा. आणि खरा तपशील धरला तर त्याच अपघातातून कोणी उलटही म्हणेल : बेल्ट न लावता एक जण वाचलाच की! एका अपघातावरून काहीच सिद्ध होत नाही, ना या बाजूनं ना त्या. पुढच्या सीटवर बेल्ट मृत्यूचा धोका साधारण ४५ टक्क्यांनी कमी करतो, हे हजारो अपघातांच्या नोंदी एकत्र केल्यावर कळलेलं आहे. अमेरिकेत दहातले नऊ जण बेल्ट लावतात, आणि गाड्यांमध्ये मरणाऱ्यांत मात्र जवळपास निम्मे न लावणारे असतात. हा ठोकताळा एखाद्या नावाच्या बातमीत मावत नाही. बेल्टमुळे खरचटण्यावर निभावलेल्या माणसाची तर बातमीच होत नाही. जळालेल्या गाडीचा फोटो मात्र छापला जातो, आणि त्यातून ‘बेल्टमुळे आत अडकायला होतं’ ही भीती टिकून राहते. गाडी पेटणं किंवा पाण्यात जाणं हे एकूण अपघातांत फारच थोडं, आणि तिथेही शुद्धीवर असलेला माणूसच स्वतः बाहेर येऊ शकतो; शुद्धीवर राहण्याची शक्यता बेल्ट लावलेल्याचीच जास्त.

भारतात हाच खेळ २०२२ मध्ये पाहायला मिळाला. ४ सप्टेंबरला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एका नामवंत उद्योगपतीची गाडी आदळली. तो उद्योगपती धरून मागचे दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, हे त्याच दिवसापासून ठळक छापलं गेलं. मग ‘आता मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा’ असे मथळे आले. त्या ‘आता’ला काही अर्थ नव्हता. मागे बसणाऱ्यानं बेल्ट लावायचा, हे मोटार वाहन नियमांत आधीपासून होतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्टचा दंडही १,००० रुपये झालेला होता. नवीन काय होतं, तर अंमलबजावणीची घोषणा. मुंबईत १ नोव्हेंबरपासून सगळ्या प्रवाशांना सक्ती असं जाहीर झालं, आणि सुरुवातीचे काही दिवस नुसती समज देण्यात गेले. जुन्या नियमाला नवा म्हणून छापल्यानं एक फायदा झाला : ज्यांना नियम माहीतच नव्हता त्यांना तो कळला. तोटा असा, की इतकी वर्षं तो का पाळून घेतला नाही, हा प्रश्न विचारणं सोयीस्करपणे टळलं.

त्याच गदारोळात एक बारीक वस्तू लोकांच्या नजरेला आली. बेल्टच्या टोकाला असतो तसा धातूचा सुटा तुकडा, पट्टा नसलेला. बकलमध्ये खुपसला की बेल्ट न लावल्याचा गाडीचा इशारा बंद. ऑनलाइन सर्रास मिळत होता, काही ठिकाणी बाटली उघडायचं साधन म्हणून. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक यंत्रणेनं पाच विक्री संकेतस्थळांविरुद्ध आदेश काढला आणि अशा १३ हजारांवर नोंदी विक्रीतून हटवल्या गेल्या. पुलावरच्या अपघातापासून या आदेशापर्यंत आठ महिने गेले.