‘मत नाही’चा अर्थ : युरोपातल्या समिती-कारभाराची पार्श्वभूमी

मार्च २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या एका तज्ज्ञ समितीने मतदान केले आणि १ मेपासून भारतीय आंब्याला, म्हणजे आपल्या हापूसलाही, तिथली दारे बंद झाली. कारण फळमाशीचे. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकले. आंब्यावरची बंदी उठली तीही समितीतल्याच मतदानाने, जानेवारी २०१५ मध्ये. दोन्ही वेळा युरोपीय संसदेत मतदान झाले नाही.

या समित्या १९६२ पासूनच्या. सदस्य देशांच्या सामाईक शेतीधोरणात भाव आणि आयातीचे निर्णय रोजच घ्यावे लागत. ते ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेकडे, सोपवले, पण सदस्य देशांच्या सरकारांनी आपले अधिकारी पहारेकरी म्हणून समित्यांत बसवले. या पद्धतीला ‘कॉमिटॉलॉजी’ हे विचित्र नाव चिकटले. संघाच्या कारभाराची चौकट बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर नियम नव्याने लिहिले गेले आणि ते मार्च २०११ पासून लागू झाले. नाव मात्र सुटले नाही.

खरी मेख आहे ती ‘मत नाही’ या निकालात. प्रस्ताव मंजूर करायला किंवा फेटाळायला किमान ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या एका बाजूला लागते. मोठे देश तटस्थ राहिले की यातले काहीच होत नाही; निकाल लागतो ‘मत नाही’. मग विषय अपील समितीकडे, म्हणजे सदस्य देशांच्याच प्रतिनिधींच्या वरच्या समितीकडे, जातो. तिथेही तसेच झाले, तर आयोग स्वतःच्या अधिकारात निर्णय घेऊ शकतो. ग्लायफोसेट या तणनाशकाचे २०२३ मध्ये हेच झाले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, दोन्ही वेळा निकाल ‘मत नाही’. जर्मनी आणि फ्रान्स तटस्थ. आयोगाने परवाना १० वर्षांनी, १५ डिसेंबर २०३३ पर्यंत, वाढवला.

‘निवडून न आलेल्या बाबूंनी निर्णय लादला’ ही ओरड तेव्हा पुन्हा झाली. ती अर्धीच खरी. समितीत हात वर न करणारे अधिकारी निवडून आलेल्या सरकारांनीच पाठवलेले असतात. घरी मतदारांना ‘आम्ही होकार दिला नाही’ असे सांगता येते आणि परवाना तर मिळतोच! अपील समितीत कोणत्या देशाने काय मत दिले ते जाहीर करावे, असा प्रस्ताव आयोगानेच २०१७ मध्ये मांडला होता. तो सदस्य सरकारांच्या परिषदेतच अडकून पडला.