बुएनास तार्देस कधी आणि बुएनास नोचेस कधी?

स्पॅनिश शिकायला लागलेल्यांच्या वहीत एक तक्ता हमखास सापडतो. गुड मॉर्निंगसमोर ‘बुएनोस दिआस’, गुड आफ्टरनूनसमोर ‘बुएनास तार्देस’, गुड नाईटसमोर ‘बुएनास नोचेस’. गुड इव्हनिंगपुढे काय लिहावं हे कळत नाही, म्हणून तिथे पुन्हा तार्देस. कृपा करून हा तक्ता खोडून टाका, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

‘दिया’ पुल्लिंगी म्हणून बुएनोस, तार्दे आणि नोचे स्त्रीलिंगी म्हणून बुएनास. तीन लिंगं सांभाळणाऱ्या मराठी माणसाला यात अवघड काहीच नाही. ‘ओला’ (hola), म्हणजे हॅलो, यातल्या ‘एच’चा उच्चार होत नाही, तेव्हा ‘होला’ म्हणणं आता पुरे.

लोक अडतात ते ‘नोचेस’पाशी. आपल्याकडे गुड नाईट म्हणजे निरोपच. फोन ठेवताना, झोपायला जाताना म्हणायचा. त्यामुळे रात्री साडेनऊला माद्रिदच्या रेस्टॉरंटात पाऊल टाकताच वेटर ‘बुएनास नोचेस’ म्हणाला, की आपल्या माणसाला वाटतं, बंद झालं वाटतं! खरं तर ते स्वागत असतं. लगेच पुढे ‘कुआन्तोस सोन?’, म्हणजे किती जण आहात, असा प्रश्न येतो. ‘बुएनास नोचेस’ भेटतानाही म्हणतात आणि निघतानाही. स्पेनच्या सरकारी वाहिनीवर रात्री नऊच्या बातम्या देणाराही प्रेक्षकांना तेच म्हणतो. तरीही निरोप दिल्यासारखं वाटेल या धास्तीने आपले लोक रात्री दहालाही ‘तार्देस’च म्हणत बसतात. ते चूकच.

मग तार्दे सुरू कधी होते आणि संपते कधी? स्पेनमध्ये घड्याळापेक्षा जेवण बघा. दुपारचं जेवण दोन-तीनला, त्यामुळे दीड वाजता ‘बुएनोस दिआस’ ऐकू आलं तर दचकू नका. मेक्सिकोत मात्र बारा वाजले की तार्देस. दुसऱ्या टोकाला, म्हणजे तार्दे संपताना, उजेड बघा. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, 1940 साली, स्पेनची घड्याळं तासभर पुढे नेली, ती तशीच राहिली. त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. म्हणून जूनमध्ये माद्रिदला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि साडेआठला लख्ख उन्हात सगळे ‘बुएनास तार्देस’ म्हणतात. डिसेंबरात सहालाच अंधारतं, तरी दुकानदार लगेच नोचेसवर जात नाहीत. अशा वेळी समोरचा काय म्हणतो ते ऐकून तेच परत म्हणावं.

नुसतं ‘बुएनास’ म्हणूनही भागतं, दिवसभर कधीही. मला मात्र अनोळखी माणसाशी, विशेषतः वयस्कर माणसाशी, पूर्ण शब्द वापरलेले आवडतात. दुकानात शिरून काहीच न म्हणता थेट भाव विचारणं तर तिथे उद्धटपणाच वाटतो. आणि अर्जेंटिनात कुणी सकाळी एकवचनी ‘बुएन दिया’ म्हणालं तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका, तिकडे तसंच म्हणतात.